वर कोण राहते, खाली कोण राहते

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र आणि सोबतचा प्रवासाचा आराखडा मिळाला. अठरा दिवसांत क्विटो, ला पाझ, पोतोसी, कुस्को, अरेकिपा. आणि वर तुझी चिंता की या शहरांविषयी इतके लिहून झाले आहे, तर आपण नवे काय लिहायचे. तिथे पोचण्याआधीच हा प्रश्न कसा पडतो, हे मला कळत नाही. पण पडलाच आहे, तर माझे सांगणे एवढेच आहे: दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतरांगेतल्या कोणत्याही शहरात गेलीस की आधी विचार, वर कोण राहते आणि खाली कोण राहते. चौक, चर्च आणि बाजार यांची वर्णने त्यानंतर.

बोलिव्हियातल्या ला पाझचेच घे. मुंबईत मलबार हिलवर कोण राहते हे तुला सांगायला नको. पैसा टेकडी चढतो, हे पाहायची आपल्याला सवय असते. ला पाझमध्ये तो उतरतो. हे शहर एका खोल दरीत वसले आहे. काठावरच्या पठारावर, सुमारे ४,१०० मीटर उंचीवर, एल आल्तो हे शहर आहे. ते मुख्यतः खेड्यांतून आलेल्या आयमारा या तिथल्या मूळ रहिवासी समाजाच्या कुटुंबांनी उभे केले. श्रीमंतांच्या वस्त्या दरीच्या तळाकडे, जवळजवळ नऊशे मीटर खाली आहेत, कारण तिथे ऊब आहे आणि श्वास घ्यायला जास्त हवा आहे. २०१४ साली सुरू झालेल्या रोपवेच्या तांबड्या मार्गिकेवर एल आल्तोहून खाली येताना माझ्यासमोर घेरदार परकर आणि बोलर हॅट घातलेली एक बाई येऊन बसली. आत येताच तिने सर्वांना नमस्कार केला आणि पाठीवरचे रंगीत पट्ट्यांचे गाठोडे सोडून मांडीवर घेतले. त्यात चुन्यो होता, म्हणजे रात्रीच्या हिमात गोठवून, पायांनी तुडवून पाणी काढलेला आणि उन्हात वाळवलेला काळपट, हलका बटाटा. तो वर्षानुवर्षे टिकतो, पण तो करायला कडक उन्हाचे दिवस आणि गोठवणाऱ्या रात्री लागतात, आणि त्या उंचावरच मिळतात. आमच्या पायांखालून शहराची दफनभूमी सरकली, गिलावा न केलेल्या विटांची घरे सरकली, आणि वरचे अन्न खालच्या बाजारात निघाले होते. या शहराविषयी मला जे कळले त्यातले बरेचसे त्या डब्यात कळले.

एका साप्ताहिकाच्या संपादकांनी माझ्या लेखातले उंचीचे आकडे रुक्ष म्हणून कापले होते. छापून आलेला लेख गोड होता आणि कोणत्याही डोंगराळ गावाला लागू पडला असता. तेव्हापासून मी आकडे कापू देत नाही. लोक मला हट्टी म्हणतात, म्हणोत.

कुस्कोमध्ये हाच प्रश्न भिंतींना विचार. कोरिकांचा या इंकांच्या सूर्यमंदिराच्या भिंतींवर स्पॅनिश लोकांनी सांतो दोमिंगोचा मठ चढवला. १९५० च्या भूकंपात वरच्या मठाची मोठी पडझड झाली, खालच्या भिंती मात्र उभ्या राहिल्या. दगडांमध्ये चुन्याचा लेप नाही, आणि भिंती किंचित आत कललेल्या आहेत. तो कल तिथे उभी राहून नीट बघ. बारा कोनांच्या दगडापुढे फोटो काढणाऱ्यांची गर्दी असेल, तिथे वेळ घालवू नकोस.

पोतोसीविषयी तू विचारलेस की खाणीत उतरावे का. सेरो रिको या डोंगरात १५४५ साली चांदी सापडली, आणि १५७० च्या दशकात स्पेनचा व्हाइसरॉय तोलेदो याने मिता ही सक्तीच्या वेठीची पद्धत लादून दूरदूरच्या गावांतले पुरुष तिथे आणले. आजही माणसे त्या डोंगरात काम करतात, आणि आत एल तिओच्या, म्हणजे खाणीचा धनी मानल्या जाणाऱ्या सैतानासारख्या देवतेच्या मूर्तीपुढे कोकाची पाने, सिगारेट आणि दारू ठेवतात. जमिनीवर देव, जमिनीखाली तिओ, अशी तिथली वाटणी आहे. वर आणि खाली, पुन्हा तेच! पर्यटकांना खाणीत नेतात, पण मी गेले नाही. घाबरलीस, असे मला तोंडावर सांगितले गेले आहे. दुसऱ्याच्या छातीत जाणारी धूळ तिकीट काढून बघायची नाही, असे मी ठरवले होते. न पाहिल्याची रुखरुख आहे, तरीही तो निर्णय मला आज बरोबरच वाटतो. तू तुझा निर्णय घे; पण उतरलीस तर दुपारी हॉटेलात बसून त्यावर चार अलंकारिक ओळी लिहू नकोस.

आता आराखड्याविषयी. क्विटोहून थेट ला पाझला उडायचे तुझ्या मनात आहे, आणि तिथला विमानतळच ४,००० मीटरच्या वर, कळसूबाईच्या जवळजवळ अडीचपट उंचीवर आहे. तरुण आहेस म्हणून विरळ हवा तुला सूट देणार नाही. अरेकिपा सुमारे २,३०० मीटरवर आहे. तिथून सुरुवात कर, पांढऱ्या सिलार दगडाच्या त्या शहरात शरीराला सवय होऊ दे, मग कुस्को, मग वर. क्विटो या खेपेला काढून टाक. राग आला तरी काढून टाक. नवा आराखडा पाठवशील तेव्हा प्रत्येक शहराच्या नावापुढे तारखेच्या आधी उंची लिही.

तुझी,
मावशी