व्हॅली ऑफ फायर: आई-बाबांना झेपेल अशी वाट

डिसेंबरमध्ये पुण्याहून येणाऱ्या आई-बाबांना लास वेगसजवळच्या व्हॅली ऑफ फायर स्टेट पार्कमध्ये न्यायचे आहे, आईंचे गुडघे दुखतात, तरी एखादी छोटी वाट चालण्याची त्यांची हौस आहे, असे तुम्ही लिहिले आहे. माझे उत्तर एकच आहे: माउसेस टँक. नेवाडात राहायला आल्यापासून मी तिथे अनेकदा गेलो आहे, माझ्या आईलाही नेले आहे. फायर वेव्ह ही तिथलीच दुसरी वाट कितीही प्रसिद्ध असली तरी ज्येष्ठांना पहिल्याच भेटीत तिकडे नेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण जाताना जेवढे उतरतो तेवढे परतताना चढावे लागते आणि सावली जवळजवळ नाहीच.

माउसेस टँकची वाट जाऊन-येऊन साधारण पाऊण मैल, म्हणजे सव्वा किलोमीटरच्या आसपास, आणि बहुतेक सपाट आहे. तरीही ती कागदावर दिसते तितकी हलकी नाही, कारण पायाखाली मऊ लाल वाळू आहे. कोकणात पुळणीवरच्या कोरड्या वाळूतून चालताना पाऊल जसे मागे सरकते आणि पोटऱ्या भरून येतात, तसेच इथे होते. माझी आई पहिल्या खेपेला पट्ट्यांच्या चपला घालून आली होती. दहा मिनिटांत टाचेखाली वाळू जाऊन तिला पाऊल टेकवणे नकोसे झाले, आणि दर थोड्या वेळाने तिला खडकावर बसवून आम्ही चपला झटकत होतो. म्हणून आईंना बंद बूट घालायला सांगा, एक काठी सोबत घ्या आणि अर्ध्या तासाच्या या वाटेला सव्वा तास धरा.

हा वेळ केवळ गुडघ्यांसाठी नव्हे. दोन्ही बाजूंच्या कड्यांवर जो काळपट, किंचित चकाकणारा थर दिसतो, तो मातीचे सूक्ष्म कण आणि लोह व मँगनीज यांची ऑक्साइडे हजारो वर्षे साचून झालेला आहे. तो दगडाने टोचून काढला की आतला फिका खडक उघडा पडतो, आणि तशाच टोचलेल्या ठिपक्यांतून तिथे शिंगे मागे वळलेले मेंढे, माणसे, वर्तुळे व नागमोडी रेषा उमटवलेल्या आहेत. बाबांनी रत्नागिरीकडची कातळशिल्पे पाहिली असतील तर त्यांना एक फरक आवर्जून सांगा: ती सड्यावर, पायापाशी असतात, इथली चित्रे उभ्या भिंतीवर, बऱ्याच ठिकाणी डोक्याच्याही वर आहेत, त्यामुळे नजर वाळूत ठेवून चालणाऱ्याला ती दिसतच नाहीत. चालायचे तेव्हा खाली पाहावे आणि पाहायचे तेव्हा थांबावे. चित्रांना हात मात्र कोणीही लावू नये. बोटांवरच्या तेलकटपणाने हा थर खराब होतो, आणि तो पुन्हा तयार व्हायला माणसाचे आयुष्य पुरणार नाही.

वाटेच्या टोकाला खडकातला नैसर्गिक खळगा आहे, ज्यात पावसाचे पाणी बराच काळ टिकून राहते. 1890च्या दशकात माउस नावाचा पायूट या इथल्या मूळ रहिवासी जमातीचा माणूस या भागात लपून राहिला होता, त्याच्यावरून हे नाव पडले. पाणी पाहायला खडकांवरून डोकवावे लागते. आईंनी तेवढा टप्पा सोडला तरी काही बिघडत नाही.

डिसेंबर निवडलात हे फार चांगले केलेत. उन्हाळ्यात इथे पारा 40 अंशांच्या वर जातो आणि मेच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर उद्यानातल्या अनेक वाटा बंदच ठेवतात. थंडीत सकाळी दहाच्या सुमारास निघा, कारण त्याआधी घळीत सावली आणि गारठा असतो. हवा इतकी कोरडी असते की घाम अंगावर दिसत नाही आणि तहानही उशिरा कळते, म्हणून थंडी असली तरी माणशी एक लिटर पाणी जवळ ठेवा. आभाळ भरून आले असेल तर घळीत शिरू नका. दूर कुठे पडलेल्या पावसाचे पाणीही अशा जागी अचानक लोंढ्याने येते.

आय-15 या महामार्गावरून 75 क्रमांकाच्या एक्झिटने बाहेर पडायचे. वेगसहून साधारण एक तास लागतो. उद्यानात मोबाइलला रेंज भरवशाची नसते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून घ्या आणि व्हिजिटर सेंटरला थांबूनच पुढे जा. वाट झाल्यावर त्याच रस्त्याने गाडीतून रेनबो व्हिस्टा या देखावा पाहण्याच्या जागेपर्यंत न्या. तिथे आईंना एक पाऊलही न चालता लाल, पिवळ्या आणि पांढऱ्या खडकांचे पट्टे दूरवर पसरलेले दिसतील.