शेजारच्या बांधलेल्या कुत्र्याबद्दल विचारलंत म्हणून

ताई, शेजारी कुत्र्याला बांधून त्याचे हाल करतात असं वाटत असेल तर आधी भांडायला जाऊ नका, मालक सावध होतो आणि कुत्रा आत जातो. एक-दोन दिवस वेगवेगळ्या वेळी बघा, पाण्याचं भांडं कोरडं आहे का, साखळी इतकी आखूड आहे का की त्याला नीट बसता पण येत नाही, गळ्याला जखम आहे का, बरगड्या दिसतात का, माणूस जवळ आला की अंग चोरतो का. फोटो-व्हिडिओ आपल्या घराच्या गॅलरीतूनच काढा, तारीख-वेळ लिहून ठेवा. आखूड साखळी, अन्नपाणी न देणं हे 1960 च्या प्राणी क्रूरता कायद्याच्या कलम 11 मध्ये स्पष्ट आहे, दंड मात्र पहिल्या वेळी 10 ते 50 रुपये, खरंच संताप येतो! पण प्राण्याला मारून टाकलं किंवा अपंग केलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम 325, कैद 5 वर्षांपर्यंत, तसं काही असेल तर अर्जात हे कलम लिहाच. मारहाण समोर चालू असेल तर सरळ 112 ला फोन करा. वडोदऱ्यात दांडिया बाजारात राहा की रावपुऱ्यात, पोलीस ठाण्यात अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या, तोंडी सांगितलेलं राहून जातं. जखमी भटक्या जनावरासाठी 1962 हा हेल्पलाइन नंबर, उत्तरायणात (संक्रांतीच्या पतंगांच्या वेळी) मांज्याने कापलेल्या कबुतरासाठी पण तोच नंबर, मांजा ओढून काढू नका, खोक्यात झाकून ठेवा आणि चोचीत पाणी ओतू नका.