रोनाल्डोला सूट, आमच्या पोऱ्याला अख्खी टूर्नामेंट बाहेर?

प्रश्न (एक वाचक, भुसावळ): भाऊ नमस्कार. मी रेल्वे कॉलनीत वाढलो, फुटबॉलचं वेड तिथूनच लागलं. परवा आमच्याकडच्या टूर्नामेंटमध्ये समोरच्या प्लेयरने आमच्या पोऱ्याला कोपर मारलं, यानं त्याला ढकललं, दोघांना रेड भेटलं. रात्री आयोजक बसले आणि आमच्याला पूर्ण टूर्नामेंट बाहेर काढलं, समोरच्याला फक्त वॉर्निंग. तो सेमीफायनलला नसला तर पब्लिक येणार नाही असं एक जण तोंडावर बोलला. मला लगेच रोनाल्डो आठवला. वरपासून खालपर्यंत असंच चालतं का? आणि आपण साधे फॅन, आपण करायचं काय?

उत्तर: तुमचा राग खरा आहे भाऊ, आणि रोनाल्डो आठवला तेही बरोबरच. 13 नोव्हेंबर 2025 ला डब्लिनमध्ये आयर्लंडविरुद्ध त्याने दारा ओ'शेला कोपर मारलं, रेफरीने आधी यलो दिलं, व्हीएआर म्हणजे व्हिडिओ रिप्ले बघून रेड केलं. पोर्तुगालकडून दोनशेहून जास्त मॅच खेळला आणि हे त्याचं पहिलं रेड. कोपर मारलं तर फिफाच्या नियमात कमीत कमी तीन मॅचचा बॅन आहे, आणि तीनचा दिलाही, पण आर्मेनियाविरुद्धची एक मॅच तो बाहेर बसला तेवढंच, बाकीच्या दोन एक वर्षासाठी स्थगित ठेवल्या, म्हणजे वर्षभरात परत तसलं काही केलं तरच त्या भोगायच्या. नाहीतर त्या दोन मॅच 2026 च्या वर्ल्डकपच्या पहिल्या दोन असत्या.

हे नियमात बसतं, कलम 27 मध्ये शिक्षा स्थगित ठेवायची सोय आहेच. आणि इतक्या वर्षांत पहिलं रेड असेल तर थोडी सूट द्यावी हेही मला पटतं. 2014 च्या वर्ल्डकपमध्ये उरुग्वेचा सुआरेझ इटलीच्या कियेलिनीला चावला तेव्हा 9 आंतरराष्ट्रीय मॅच आणि चार महिने फुटबॉल पूर्ण बंद अशी शिक्षा झाली, तोही मोठा स्टारच होता, पण त्याची चावायची ती तिसरी वेळ होती, त्यामुळे रेकॉर्ड बघून शिक्षा कमीजास्त होते यात काही गैर नाही. मला खटकतं ते दुसरंच. फिफाच्या निवेदनात कलम सांगितलं, कारण नाही सांगितलं. उद्या एखाद्या छोट्या देशाच्या डिफेंडरने, त्याचंही रेकॉर्ड स्वच्छ आहे, असंच कोपर मारलं तर त्यालाही हेच कलम लागेल का हे आपल्याला कशावरून कळणार? कारण लिहिलेलं असतं तर तो पोरगा ते बोट ठेवून दाखवू शकला असता. आणि ही शिस्त समिती कोण निवडतं तर फिफाची काँग्रेस, तेही काउन्सिलने नावं सुचवल्यावर, आणि वर्ल्डकप भरवणारी, त्याचे पैसे मोजणारीही फिफाच. तुमच्या आयोजकांचं आणि यांचं दुखणं एकच, ज्याला पब्लिक हवं आहे तोच न्याय करायला बसलाय.

आपल्या देशातलं बघा ना. 9 डिसेंबर 2012, सॉल्ट लेकला मोहन बागान-ईस्ट बंगाल ही कोलकाता डर्बी, बागानच्या ओडाफाला रेड, स्टँडमधून आलेला दगड त्यांच्याच रहीम नबीच्या तोंडावर लागला, हाफटाइमनंतर बागानची टीम मैदानात आलीच नाही. भारतीय फुटबॉल फेडरेशनने त्यांना आय-लीगमधून दोन वर्षांची बंदी घातली, आणि जानेवारी 2013 च्या मध्यापर्यंत ती बंदी उठलीसुद्धा! दोन कोटी दंड घेतला, पॉइंट शून्य केले, विषय संपला. आता प्लेयरला दगड लागला होता हे मान्यच, मैदानात न येण्याला कारण होतं. पण बागान नाही म्हणजे डर्बी नाही आणि डर्बी नाही तर लीगमध्ये उरतं काय, हा हिशोब कोणी केलाच नसेल असं मला तरी वाटत नाही.

मग मार्च 2023 मध्ये बंगळुरूला बंगळुरू एफसीच्या सुनील छेत्रीने एक्स्ट्रा टाइममध्ये पटकन फ्री किक मारून गोल केला, केरळा ब्लास्टर्सची भिंत अजून लागायचीच होती, कोच वुकोमानोविच टीम घेऊन निघून गेला. रेफरीने थांबवलेलं नसेल तर पटकन फ्री किक घ्यायला शिट्टी लागत नाही, त्यामुळे गोल धरला यात मला चूक दिसत नाही. फेडरेशनने क्लबला चार कोटी दंड केला, कोचला 10 मॅच बॅन आणि पाच लाख, वर जाहीर माफी मागा, नाही मागितली तर दंड सहा कोटी आणि दहा लाख. म्हणजे मैदान सोडण्याची किंमत एकदा दोन कोटी, एकदा चार. दोन्ही केस वेगळ्या आहेत हो, पण आधीच्या निकालाशी ताडून हा आकडा का, हे फॅनला समजेल असं कोणी सांगावं की नाही?

आता तुमचं. झालेल्या टूर्नामेंटवरून भांडून काही हाती लागेल असं वाटत नाही, पण पुढच्या वर्षी एन्ट्री फी भरायच्या आधी सगळ्या टीमच्या कॅप्टननी मिळून एक कागद मागा. रेड म्हणजे पुढची एक मॅच आपोआप बाहेर, मारामारी असेल तर किती, हे आधीच लिहिलेलं पाहिजे. रेफरीने मॅच संपल्यावर तिथेच रिपोर्ट लिहायचा, वहीच्या पानावर का होईना, कितव्या मिनिटाला कोणी आधी काय केलं ते, आणि दोन्ही कॅप्टननी त्यावर सही करायची. आणि ज्याची टीम खेळतेय किंवा ज्याने स्पॉन्सर आणलाय तो माणूस निर्णयाला बसणार नाही, हे तर पहिलंच लिहून घ्या. तुमचा पोऱ्या ढकलला म्हणून एक-दोन मॅच बाहेर बसला असता तर तुम्हीही गप बसला असता, मला माहीत आहे.

प्रश्न (एक वाचक, धुळे): एव्हर्टनचे पॉइंट लगेच कापले आणि मँचेस्टर सिटीची केस वर्षानुवर्षं चालते, हा पैशाचा खेळ नाही तर काय?

उत्तर: पैसा आहे, पण तेवढंच नाही. इंग्लंडच्या प्रीमियर लीगने एव्हर्टनवर मार्च 2023 मध्ये आरोप ठेवला, तीन वर्षांत 10.5 कोटी पाउंड तोट्याची मर्यादा होती, ती त्यांनी 1.95 कोटीने ओलांडली, आणि ओलांडली हे त्यांनी मान्यही केलं, मग नोव्हेंबरमध्ये 10 पॉइंट गेले. निकाल कारणांसकट छापला गेला म्हणून त्यातल्या चुका धरता आल्या आणि अपिलात 10 चे 6 झाले. सिटीवर फेब्रुवारी 2023 मध्ये पैशाचे नियम मोडल्याचे वगैरे शंभराहून जास्त आरोप ठेवले, त्यांना एकही मान्य नाही, सुनावणीच सप्टेंबर 2024 ला सुरू झाली. सगळं नाकारलं की केस लांबणारच. फक्त इतकी वर्षं असले वकील पोसायची ताकद किती क्लबकडे आहे, तिथे तुमचं म्हणणं शंभर टक्के पटतं. 2020 मध्ये युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, सिटीला युरोपातल्या स्पर्धांतून दोन वर्षं बाहेर काढलं होतं तेव्हाही कासने, म्हणजे लोझानच्या खेळाच्या लवाद कोर्टाने, ते रद्द केलं, काही आरोप सिद्ध झाले नाहीत आणि काही तर मुदत संपलेले निघाले. उशीर झाला की फायदा कोणाचा होतो ते यातच दिसतं.

प्रश्न (एक वाचक, चोपडा): म्हणजे लहान क्लबने कासला जाऊच नये का?

उत्तर: जावं, नक्की जावं. इंटर काशीचंच बघा, 2024-25 च्या आय-लीगमध्ये फेडरेशनच्या अपील समितीने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला, चर्चिल ब्रदर्सला चॅम्पियन ठरवून ट्रॉफीही देऊन टाकली. काशीवाले लोझानला गेले आणि जुलै 2025 मध्ये कासने त्यांनाच चॅम्पियन ठरवलं. पण लीग एप्रिलमध्येच संपलेली, टायटल भेटलं ते कागदावर, त्यांच्या फॅनला स्टेडियममध्ये नाचायला भेटलं नाही ते नाहीच.