केवलादेव सायकलवर: एकच दिवस असेल तर

डिसेंबरअखेर आग्र्याहून भरतपूरला एक दिवस काढताय, तेवढ्यात तिथलं पक्ष्यांसाठी प्रसिद्ध केवलादेव राष्ट्रीय उद्यान सायकलवर पूर्ण बघून होईल का आणि गुडघे दुखणाऱ्या आईंचं काय, असं तुम्ही विचारलंय.

उद्यान जेमतेम २९ चौरस किलोमीटरचं. दामटली तर सायकल बरीच फिरेल, पण कृपा करून तसं करू नका. फाटकापासून केवलादेवाच्या देवळापर्यंत साधारण पाच किलोमीटरचा सपाट डांबरी रस्ता आहे. अख्खा दिवस त्या एका रस्त्याला द्या.

पहाटे उठून धावपळ करायचीही गरज नाही. त्या दिवसांत धुकं इतकं दाट असतं की दहा हातांवरचं झाड दिसत नाही. नाश्ता करून निघा. फाटकापाशी सायकली भाड्याने मिळतात, जड आणि बिनगिअरच्या. ब्रेक, हवा आणि सीटची उंची तिथेच तपासून घ्या. सीट खाली असली की संध्याकाळी गुडघे तुमचेही बोलतील.

सुरुवातीला दोन्ही बाजूंना कोरडं रान लागतं. नीलगाय, चितळ दिसतील, थोडं थांबून पुढे निघा. सपन मोरी नावाच्या ठिकाणापाशी पाणी सुरू होतं आणि खरी गंमत तिथून पुढे. पाऊसपाणी चांगलं झालं असेल तर रस्त्यालगतच्या बाभळींवर चित्रबलाकांची (पेंटेड स्टॉर्क) वसाहत असते, एकेका झाडावर कितीतरी घरटी. डिसेंबरपर्यंत पिल्लं आईबापांएवढी होतात, पण रंगाने अजून मळकट राखी. मोठा पक्षी घरट्यावर उतरला की ती मान खालीवर हलवत कलकलाट करतात. मग तो घशातले मासे घरट्यात ओकतो आणि पिल्लं तुटून पडतात. हे बघायला सायकल स्टँडवर लावा आणि अर्धा तास तिथेच थांबा. खालच्या फांदीवर पंख पसरून वाळवत बसलेला सर्पपक्षीही (डार्टर) मग आपोआप नजरेस पडतो. सायकलचा फायदा हाच, आवाज नाही आणि हवं तिथे पाय टेकता येतो.

पाण्यातून जाणाऱ्या मातीच्या बांधांवरही जा, पण पायी. बाभळीचे काटे ट्यूबला सोडत नाहीत आणि पंक्चरवाला थेट फाटकाबाहेर. मुळात हे पाणथळ माणसाने बांध घालून राखलेलं. १८व्या शतकात भरतपूरचे महाराजा सूरजमल यांनी अजान बांध घातला, पुढे संस्थानिकांनी इथे शिकारीसाठी बदकं राखली. देवळाजवळ शिकारींच्या नोंदींचे दगड आहेत, ते जरूर वाचा. १९३८ साली व्हाइसरॉय लिनलिथगोच्या एका दिवसाच्या शिकारीत ४,२७३ पक्षी मारले गेले. मला दर वेळी तो आकडा वाचून अंगावर काटा येतो. आणि सायबेरियन क्रौंच बघायला मिळेल असं कुणी सांगितलं असेल तर ती आशा सोडा, २००२ नंतर तो इथे आलेला नाही. सारस मात्र नशिबात असेल तर दिसेल.

आईंसाठी सायकल रिक्षा करा. इथल्या जुन्या रिक्षावाल्यांची नजर आणि पक्ष्यांची ओळख जबरदस्त आहे. झाडाच्या ढोलीतलं घुबड, उन्हाला आलेला अजगर, हे आपल्याला एकट्याने सापडणं कठीण. सकाळी त्यांच्या बरोबरीने सायकल चालवा, देवळापाशी सगळे मिळून डबा खा, मग आईंना परत पाठवून तुम्ही दुपारभर रेंगाळा.

जायच्या आठवडाभर आधी हॉटेलवाल्याला फोन करून पाणी कितपत आहे ते विचारा. पाऊस कमी झालेल्या वर्षी बाहेरून पाणी आणून सोडावं लागतं आणि तळी अर्धी कोरडी असतात. तसं असेल तर अर्धा दिवस इथे आणि उरलेला वाटेवरच्या फतेहपूर सिक्रीला द्या. पाणी भरपूर असेल तर सिक्री सरळ पुढच्या वेळेवर टाका.