आधी अपिलाची नोटीस, मग बाकी सगळं

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला २०१९ मध्ये अमेरिकेतून हद्दपार केलं होतं. मेक्सिकोमार्गे तो परत गेला आणि टेक्सासमध्ये पकडला गेला. हद्दपारीनंतर परत शिरल्याचा गुन्हा त्याने कबूल केला आणि गेल्या आठवड्यात फेडरल (केंद्रीय) कोर्टाने सहा महिन्यांची शिक्षा सुनावली. तो म्हणतो, हद्दपारीच्या वेळी फोनवरचा दुभाषा पंजाबीत बोलत होता, अपील करता येतं हे त्याला कळलंच नाही. इथला एक एजंट पाच लाखांत अपील करून देतो म्हणतोय. आई विचारते, जिंकलो तर त्याला तिकडे राहता येईल का?
– एक बहीण, भांडुप

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचलं त्याच संध्याकाळी तुम्हाला फोन केला, कारण अंक छापून येईपर्यंत थांबण्यासारखं नव्हतं. जे तेव्हा सांगितलं तेच इथे मांडते. अशी आणखी घरं आहेत.

मी मुंबई हायकोर्टात फौजदारी अपिलं चालवते. इथे शिक्षेविरुद्ध हायकोर्टात यायला ६० दिवस मिळतात आणि सबळ कारण असेल तर उशीरही माफ होतो. अमेरिकेच्या फेडरल कोर्टात निकालाची नोंद झाल्यापासून फक्त १४ दिवस. योग्य कारण दाखवलं तर फार तर आणखी ३०. एवढ्यात नोटीस ऑफ अपील, म्हणजे अपील करत असल्याची सूचना, जायलाच हवी. ती जेमतेम पानभर असते. त्यात कारणं मांडायची नसतात, पुरावे जोडायचे नसतात.

भावाने वकिलाला स्पष्ट, शक्यतो लेखी सांगावं : माझं अपील दाखल करा. सांगूनही वकील गप्प बसला, तर अपिलाचा हक्क सोडल्याची सही भावाने केलेली असली तरी दोष वकिलाचा, असं तिथल्या सुप्रीम कोर्टाने २०१९ च्या गार्झा निकालात म्हटलं आहे. वकील भेटतच नसेल तर भावाने स्वतः लिहावं आणि मुदतीच्या आत तुरुंगाच्या टपालात टाकावं, कधी टाकलं त्याच्या निवेदनासह. ते वेळेत धरलं जातं.

एजंटला एक रुपयाही देऊ नका. भांडुपमधून हे अपील कोणी दाखल करू शकत नाही. भावाला सरकारी खर्चाने वकील मिळाला असेल तर अपिलातही तशी सोय असते. आणि फोर्टात नोटरी केलेली शपथपत्रं तिथे उपयोगी नाहीत, कारण अपील कोर्ट खालच्या कोर्टाच्या कागदांवरच निकाल देतं.

आता दुभाष्याचा मुद्दा. मला तो फार महत्त्वाचा वाटतो, कारण भावावरचा गुन्हा जुन्या हद्दपारीच्या हुकमावरच उभा आहे. जुन्या हद्दपारीत कोर्टात दाद मागण्याची वाटच बंद झाली असेल, तर तो हुकूम या खटल्यात जसाच्या तसा वापरता येत नाही, हे तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या १९८७ च्या मेंडोझा-लोपेझ निकालापासून मान्य आहे. कायद्याच्या अटी मात्र तीन आहेत : तेव्हा उपलब्ध असलेले अपिलाचे उपाय वापरलेले असावेत, कोर्टाकडे जाण्याची संधी नाकारलेली असावी आणि हुकूम मुळातच अन्यायाचा असावा. तिन्ही हव्यात, असं २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ठणकावलं. भावाने तेव्हा अपील केलं नव्हतं, पण न समजता ते सोडलं, म्हणजे तो उपाय त्याला खरा उपलब्धच नव्हता, हा युक्तिवाद इथे बसू शकतो.

पण तो कबुलीच्या आधी खालच्या कोर्टात मांडायला हवा होता. म्हणून वकिलाला पहिला प्रश्न हाच विचारा : आरोप रद्द करण्याचा अर्ज केला होता का, आणि कबुली देताना तो मुद्दा अपिलासाठी राखून ठेवला होता का? नसेल तर अपिलात बहुधा कबुली समजून-उमजून दिली का आणि शिक्षा बरोबर आहे का, एवढंच उरतं. वकिलाने हा मुद्दा पाहिलाच नसेल, तर त्यासाठी वेगळा अर्ज असतो. त्याची मुदत साधारणपणे निकाल अंतिम झाल्यापासून एक वर्ष.

हे सगळं तुरुंगाच्या फोनवर बोलू नका, तिथली संभाषणं रेकॉर्ड होतात. ह्यूस्टनच्या भारतीय कॉन्सुलेटला कळवा. ते खटला लढवणार नाहीत, पण भावाशी संपर्क साधू शकतात.

आईंना खरं सांगा. अपील जिंकलं तरी हद्दपारीचा जुना हुकूम आपोआप पुसला जात नाही. सुटका झाली की इमिग्रेशन खातं त्याच हुकमावर त्याला परत पाठवू शकतं. सहा महिन्यांची शिक्षा तर अपिलाच्या निकालाआधीच संपण्याची शक्यता आहे. तरीही मी अपील करायलाच सांगेन. या गुन्ह्याचा शिक्का कायम राहिला आणि तो पुन्हा असाच पकडला गेला, तर पुढची शिक्षा वाढते.