बटुपाणबुडी रंगवण्याआधी तिची मोहीम ठरवा

जपानी टाइप ए बटुपाणबुडीचं मॉडेल करताय ना? मग आधी ठरवा, पर्ल हार्बरच्या हल्ल्यातली (1941) की सिडनीच्या (1942). नाकावरची जाळीकातर (बंदरातली पाणबुडीरोधक जाळी कापणारी) आणि संरक्षक कडी दोन्हींत वेगळी आहेत, आणि बहुतेक चुका तिथेच होतात. लांबी 23.9 मीटर, म्हणजे 1/72 प्रमाणाच्या मॉडेलमध्ये साधारण 33.2 सेंटीमीटर, पट्टी लावून बघा. टॉर्पेडो नळ्या एकावर एक, मागे एकमेकांच्या उलट दिशेने फिरणारे दोन पंखे (प्रोपेलर). संग्रहालयातल्या रंगावर मात्र विसंबू नका. पर्ल हार्बरच्या मोहिमेतली एचए-19 ही पाणबुडी युद्धरोखे (युद्धखर्चासाठीचे सरकारी कर्जरोखे) खपवायला अमेरिकाभर फिरवली होती, तेव्हा तिचा मूळ रंग टिकला असेल याचा भरवसा नाही. ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या संग्रहालयातली तर दोन पाणबुड्यांचे तुकडे जोडून उभी केलेली! माझा भरवसा त्या काळच्या फोटोंवर, तेही पाण्यातून नुकतीच बाहेर काढतानाच्या.