जहाजं मोजण्याआधी भरती-ओहोटी बघ

प्रिय,

दक्षिण चीन समुद्रावरचा तुझा लेख वाचला. मेहनत दिसते. पण पहिली चार पानं युद्धनौका आणि क्षेपणास्त्रांच्या आकड्यांत गेली आणि भांडण मुळात कशावरून आहे, ते शेवटपर्यंत आलंच नाही.

ते आकडे तूर्त बाजूला ठेव आणि एकटं सेकंड थॉमस शोल घे. फिलिपिन्सच्या पलावान बेटापासून साधारण दोनशे किलोमीटरवरचा हा प्रवाळखडक भरतीला पाण्याखाली जातो. त्यावर फिलिपिन्स आणि चीन दोघेही हक्क सांगतात. 1999 मध्ये फिलिपिन्सने दुसऱ्या महायुद्धातलं 'सिएरा माद्रे' हे जहाज तिथे मुद्दाम रुतवून ठेवलं. गंजून त्याची चाळण झालीय, तरी मूठभर सैनिक त्यावर पहारा देतात. त्यांची रसद नेणाऱ्या बोटी चिनी तटरक्षक दल अडवतं, पाण्याचा मारा करतं. 17 जून 2024 ला तर चिनी जवान चाकू-कुऱ्हाडी घेऊन चालून आले. झटापटीत एका फिलिपिनो नौसैनिकाचा अंगठा तुटला.

त्याच्या जेमतेम अडीच आठवडे आधी फिलिपिन्सचे राष्ट्राध्यक्ष मार्कोस सिंगापुरात सांगून बसले होते की, जाणूनबुजून केलेल्या कृत्यात फिलिपिनो नागरिक मेला, तर ते आम्ही ज्याला युद्ध म्हणतो त्याच्या फार जवळ जाईल. पाठीशी अमेरिकेबरोबरचा 1951 चा परस्पर संरक्षण करार, म्हणजे अमेरिकाही यात ओढली जाऊ शकते. त्या दिवशी अंगठ्यावर निभावलं, जीव गेला असता तर? मला या समुद्रात खरी धास्ती वाटते ती याची. पुढच्याच महिन्यात दोन्ही देशांनी रसदीपुरता तात्पुरता समझोता केला. तुझ्या लेखात त्याचं नावही नाही. मला विचारशील तर त्या वर्षातली सगळ्यात मोलाची घडामोड तीच.

दुसरं, फिलिपिन्सने चीनविरुद्ध नेलेल्या खटल्यातला 12 जुलै 2016 चा आंतरराष्ट्रीय लवादाचा निवाडा मुळातून वाच. जाडजूड आहे, पण बातम्यांवर भागवू नकोस. 'बेटं फिलिपिन्सची ठरली' असं तू लिहिलंस; तसं काहीही ठरलेलं नाही. बेटांची मालकी त्या लवादाच्या कक्षेतच नव्हती. चीनने नकाशावर या समुद्राभोवती काढलेल्या नऊ तुटक रेषांच्या आतल्या साधनसंपत्तीवर चीन सांगतो त्या ऐतिहासिक हक्काला कायद्याचा आधार नाही आणि भरतीला बुडणाऱ्या खडकाला स्वतःचं सागरी क्षेत्र मिळत नाही, असं त्याने म्हटलं. चीनने निवाडा धुडकावला. इथे आपलंही उदाहरण जरूर दे: 2014 मध्ये बंगालच्या उपसागरातल्या वादात लवादाने मोठा वाटा बांगलादेशला दिला, आणि भारताने तो मान्य केला.

स्कारबरो शोल या दुसऱ्या वादग्रस्त प्रवाळखडकाजवळच्या मच्छीमारांवर तू दोनच ओळी लिहिल्यास, हे मला लागलं. 2012 पासून तिथे चीनचा ताबा आहे. लवादाच्या मते तिथली पारंपरिक मासेमारी फिलिपिनो आणि चिनी, दोघांच्याही हक्काची. पिढ्यान् पिढ्या तिथे जाळी टाकणाऱ्यांना आज हुसकून लावलं जातं. नवा मसुदा त्यांच्यापासून सुरू कर. युद्धनौका तिसऱ्या पानावर आल्या तरी चालतील.

लिहून झालं की लगेच पाठव.

तुझा,
सर